मिळालेले तारण हरवते का? संत फ्रान्सिस झेवियर ह्यांची जीवनकथा



३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण. तोवर आपल्याकडची भातकापणी आटोपलेली असते, खळ्यावरची झोडणी बहुतेकांची उरकलेली असते आणि आगमनकाळ सुरू झालेला असतो. दरवर्षी ह्या सणाच्या निमित्ताने आपण संतांचे चमत्कार, त्यांचे लांबलांबचे प्रवास आणि गोव्यात जपून ठेवलेला त्यांचा देह ह्यांविषयी बोलतो. ह्या वेळी मात्र एक प्रश्न मनात ठेवून आम्ही त्यांचे चरित्र सांगणार आहोत.

प्रश्न आपल्यातलाच आहे. घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभांत तो पुन्हा पुन्हा निघतो. एकदा स्नानसंस्कार झाला, ख्रिस्तावर विश्वास ठेवला, म्हणजे तारण कायमचे पक्के झाले का? मग पुढे कितीही मोठे पाप घडले तरी ते हातचे जात नाही का? इतर पंथांतील काही ख्रिस्ती बांधव असे मनापासून मानतात की खऱ्या विश्वासूचे तारण कधीच हरवत नाही. त्यांच्याशी बोलताना आपली माणसे गोंधळतात. दुसऱ्या बाजूला आपल्यातच असे काहीजण आहेत, ज्यांना वाटते की आपल्या हातून नको ते घडले, आता देवाघरी आपल्याला जागा नाही. ते हळूहळू चर्चची पायरी चढायचे सोडून देतात. एक निर्धास्त आणि दुसरा निराश. गंमत अशी की दोघेही पापनिवेदनाला येत नाहीत.

संत फ्रान्सिस झेवियर ह्यांना आपण नव्या लोकांना ख्रिस्त सांगणारा मिशनरी म्हणून ओळखतो. ते खरेच आहे. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग आधीच स्नानसंस्कार झालेल्या आणि तरीही वाट चुकलेल्या माणसांच्या मागे फिरण्यात गेला. म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रात सापडते.

महत्त्वाकांक्षी तरुण

फ्रान्सिस ह्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी आजच्या स्पेनमधील नवारा प्रांतात झेवियरच्या गढीत झाला. घराणे मोठे, वडील राजाच्या दरबारात वरच्या पदावर. पण १५१२ साली आरागॉनच्या राजाने नवारा जिंकून घेतला. १५१५ साली वडील वारले आणि पुढच्याच वर्षी शत्रूने गढीचे बुरूज पाडून टाकले. थोरले भाऊ लढाईत गुंतले. धाकट्या फ्रान्सिसने विद्येच्या जोरावर घराण्याचे नाव पुन्हा वर काढायचे ठरवले आणि १५२५ साली ते पॅरिसच्या विद्यापीठात गेले.

तिथे ते हुशार विद्यार्थी म्हणून नावाजले, खेळात पुढे आले आणि पुढे शिकवूही लागले. ते जन्माने ख्रिस्ती, घरातले वातावरण धार्मिक. तरी त्यांचे मन मानसन्मानात गुंतले होते. काही सोबती रात्री वाईट वस्तीत जात. त्या वाटेने गेलेल्यांच्या अंगावरचा रोग पाहून आपल्याला धाक बसला आणि आपण वाचलो, असे त्यांनी पुढे एका सहकाऱ्याजवळ कबूल केल्याचे चरित्रकार सांगतात. ह्याचा अर्थ असा की आपण स्वतःच्या बळावर शुद्ध राहिलो असे त्यांना कधी वाटले नाही.

१५२९ साली त्यांच्या खोलीत एक वयस्क विद्यार्थी राहायला आला. पायाने लंगडा, पूर्वीचा शिपाई. त्याचे नाव इग्नेशियस लोयोला. त्या खोलीत आधीपासून पीटर फेबर नावाचा शांत स्वभावाचा मित्रही होता. फ्रान्सिस सुरुवातीला इग्नेशियसची थट्टा करीत. पण इग्नेशियसने चिकाटी सोडली नाही. शुभवर्तमानात प्रभू येशूने विचारलेला एक प्रश्न तो त्यांच्यापुढे पुन्हा पुन्हा ठेवी: सगळे जग कमावले आणि आपला आत्मा गमावला, तर माणसाच्या पदरात काय पडले? हा प्रश्न फ्रान्सिसच्या मनात काट्यासारखा रुतला. प्रभूने तो आपल्या मागे येणाऱ्यांनाच विचारला होता. म्हणजे आत्मा गमावण्याचा धोका बाहेरच्यांनाच आहे असे नाही, तो शिष्यालाही आहे.

अखेर फ्रान्सिस बदलले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीवर इग्नेशियस आणि इतर सोबत्यांबरोबर त्यांनी व्रत घेतले. २४ जून १५३७ रोजी व्हेनिस येथे त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. ह्याच मित्रांच्या गटातून येशूसंघ उभा राहिला.

गोव्याच्या रस्त्यावरची घंटा

पोर्तुगालच्या राजाने हिंदुस्थानासाठी धर्मगुरू मागितले तेव्हा दुसऱ्याच एकाची निवड झाली होती. तो आजारी पडला आणि ऐन वेळी फ्रान्सिस ह्यांना निघावे लागले. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बन सोडले. प्रवासाला वर्षाहून अधिक काळ लागला. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले.

गोव्यात त्या वेळी चर्च होती, बिशप होते, मठ होते. पण तिथल्या पोर्तुगीज ख्रिस्ती लोकांचे जगणे पाहून कुणालाही प्रश्न पडला असता. सरकारी पैशावर डल्ला मारणे, जुगार, बायका ठेवणे, गुलामांना जनावरासारखे वागवणे, हे सर्रास चालत होते. ही सगळी माणसे स्नानसंस्कार झालेली होती. गळ्यात क्रूस होता आणि सणावाराला मिस्साही होती.

फ्रान्सिस ह्यांच्याजवळ पोपमहोदयांनी दिलेली अधिकारपत्रे होती. ती त्यांनी बिशपांच्या हाती ठेवली आणि राहायला इस्पितळात गेले. सर्वांत अत्यवस्थ रोग्याशेजारी ते निजत. सकाळी रोग्यांचे, मग तुरुंगातल्या कैद्यांचे पापनिवेदन ऐकत. रविवारी शहराबाहेर कुष्ठरोग्यांसाठी मिस्सा अर्पण करीत. दुपारी हातात घंटा घेऊन रस्त्यातून फिरत आणि मुलांना व गुलामांना धर्मशिक्षणासाठी हाक मारीत. बिघडलेल्या ख्रिस्ती लोकांना त्यांनी दूर लोटले नाही. त्यांच्या घरी जाऊन ते जेवत, गप्पा मारत आणि ओळख पक्की झाली की हलकेच एकेक गाठ सोडवीत.

त्याच वर्षी ते दक्षिणेला मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेले. तिथल्या परवर समाजातल्या हजारो लोकांचा स्नानसंस्कार काही वर्षांपूर्वीच झाला होता. पण त्यांना शिकवायला कुणी राहिले नव्हते. आपण ख्रिस्ती आहोत, एवढेच त्यांना ठाऊक होते. फ्रान्सिस ह्यांनी दुभाष्यांच्या मदतीने तामिळ भाषेत प्रार्थना, धर्ममत आणि दहा आज्ञा तयार केल्या, स्वतः पाठ केल्या आणि गावोगाव म्हणून घेतल्या. बी पेरले की शेतकऱ्याचे काम संपत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आवणी झाली तरी बेणणी राहते, राखण राहते. स्नानसंस्काराचेही तसेच आहे.

इथे एक गोष्ट लपवणे बरोबर नाही. ख्रिस्ती माणसे श्रद्धेपासून ढळतात ह्या काळजीने फ्रान्सिस ह्यांनी १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून हिंदुस्थानात धर्मन्यायालय स्थापण्याची विनंती केली. त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १५६० साली, ते गोव्यात आले आणि त्याच्या हातून पुष्कळ लोकांना यातना भोगाव्या लागल्या. संतदेखील आपल्या काळाची माणसे असतात. सत्याच्या नावाखाली झालेल्या बळजबरीबद्दल पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १२ मार्च २००० रोजी जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. कृपा दंडुक्याने राखता येत नाही. फ्रान्सिस ह्यांच्या स्वतःच्या कामाकडे पाहिले तर तिथेही हेच दिसते. त्यांनी ज्यांना परत आणले, त्यांना प्रेमाने आणि चिकाटीने आणले.

वसईच्या रस्त्यात भेटलेला माणूस

आपल्या भागातून वाहणारी भातसा पुढे उल्हास नदीला मिळते आणि उल्हासचे पाणी वसईच्या खाडीतून समुद्रात जाते. त्या वसईत १५४८ साली संत फ्रान्सिस झेवियर आले होते. पोर्तुगीजांचे गव्हर्नर जुआंव दे कास्त्रो तेव्हा तिथे होते. त्यांना भेटायचे होते.

ह्या भेटीतली एक हकिकत जुन्या चरित्रांत दिलेली आहे. रॉद्रिगो दे सिकेरा नावाच्या एका पोर्तुगीजाच्या हातून मलाक्का शहरात मनुष्यहत्या झाली होती. तो तिथल्या इस्पितळात लपून बसला असताना फ्रान्सिस त्याला भेटले. त्यांनी त्याच्याशी मैत्री केली, त्याचे पापनिवेदन ऐकले, मृताच्या आप्तांकडून आणि अधिकाऱ्यांकडून त्याला क्षमाही मिळवून दिली. हा देश तुझ्यासाठी मोहाचा आहे, घरी परत जा, असे त्यांनी त्याला सांगितले. त्याने तसे वचन दिले. पण वाटेत वसईला त्याला सरकारी महसूल गोळा करण्याची जागा मिळाली. पगार चांगला, वरकमाई आणखी चांगली. तो तिथेच राहिला आणि पुन्हा जुन्या वाटेला लागला. पापनिवेदन तर त्याने सोडूनच दिले.

एके दिवशी वसईच्या रस्त्यात अचानक फ्रान्सिस समोर आले. सिकेरा पुढे झाला आणि रिवाजाप्रमाणे हाताचे चुंबन घेऊ लागला. फ्रान्सिस ह्यांनी हात मागे घेतला. दिलेल्या वचनाचे काय झाले आणि एवढ्या दिवसांत देवाशी समेट का केला नाही, असे त्यांनी त्याला स्पष्ट विचारले. तो मनुष्य खजील झाला. त्याच दिवशी त्याने पापनिवेदन केले आणि पुढे त्याचे जीवन सुधारले, असे चरित्रकार लिहितात.

ह्या एका हकिकतीत आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. सिकेरा स्नानसंस्कार झालेला होता, एकदा क्षमा मिळालेला होता, एका संताचा मित्रही होता. तरी तो पुन्हा पडला. आधी मिळालेली क्षमा आपल्याला पुरेल, असे फ्रान्सिस ह्यांनी त्याला समजू दिले नाही. आणि हा दुसऱ्यांदा पडला, आता ह्याचा काही उपयोग नाही, असेही ते म्हणाले नाहीत. हात मागे घेतला तोही त्याला जागे करण्यासाठी.

ख्रिस्तसभा काय शिकवते

योगायोग असा की ह्याच सुमारास युरोपात त्रेंत येथे भरलेल्या धर्मपरिषदेत हाच प्रश्न चर्चेला होता. १३ जानेवारी १५४७ रोजी परिषदेने आपला निर्णय जाहीर केला. तो सोप्या शब्दांत असा. देवाने स्नानसंस्कारात दिलेली कृपा ही त्याची देणगी आहे, आपली कमाई नव्हे. ती विश्वास सोडल्याने हरवते तशीच कोणत्याही मरणप्राय पापानेही हरवते, जरी त्या माणसाचा विश्वास शिल्लक असला तरी. आपण शेवटपर्यंत टिकूच, अशी पूर्ण खात्री कुणीही बाळगू नये. पण देवाच्या साहाय्यावर सर्वांनी भक्कम आशा ठेवावी. आणि जो पडला, त्याला प्रायश्चित्त संस्काराने ती कृपा पुन्हा मिळते. जुन्या धर्मपंडितांची एक उपमा परिषदेने वापरली: जहाज फुटल्यावर बुडणाऱ्याच्या हाताला लागलेली फळी. स्नानसंस्काराची खूण मात्र आत्म्यावरून कधीच पुसली जात नाही. म्हणून परत येणाऱ्याचा स्नानसंस्कार पुन्हा करावा लागत नाही. मुलगा घर सोडून गेला तरी मुलगाच राहतो. पण बाहेर राहून त्याला घरातले ताट मिळत नाही.

प्रत्येक चूक मरणप्राय पाप असते असे नाही. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर असावी, ती गंभीर आहे हे पुरते ठाऊक असावे आणि ती मनापासून, स्वखुशीने केलेली असावी. पोटासाठी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जावे लागते आणि जवळ चर्च नसल्यामुळे महिनोन्महिने मिस्सेला येता येत नाही, अशी आपल्याकडची काही कुटुंबे आहेत. परत आल्यावर लाजेने ती मागेच राहतात. नाइलाजाने मिस्सा चुकणे हे मरणप्राय पाप नाही. त्यांनी निःशंक मनाने यावे. ह्याउलट रोज पहिल्या बाकावर बसणाऱ्याने भावाची जमीन हडप केली असेल, तर बाक पहिला आहे म्हणून तो सुरक्षित ठरत नाही.

राजा, गव्हर्नर आणि व्यापारी

फ्रान्सिस ह्यांनी हे थोरामोठ्यांनाही सांगितले. वसईला येण्याच्या थोडेच आधी, २० जानेवारी १५४८ रोजी, त्यांनी कोचीनहून राजा तिसरा जुआंव ह्याला पत्र पाठवले. हिंदुस्थानात तुमचे अधिकारी जे अन्याय करतात, त्याचा जाब मरणाच्या वेळी तुम्हाला द्यावा लागेल, अशी भीती त्यांनी त्यात व्यक्त केली. पॅरिसच्या खोलीत इग्नेशियसने त्यांना विचारलेला तोच प्रश्न राजाने रोज थोडा वेळ मनात घोळवावा, असेही सुचवले. राजा ख्रिस्ती होता, मिशनला पैसा देणारा होता. पण देणग्या दिल्या म्हणून तारण पक्के झाले, असे त्यांनी त्याला भासवले नाही.

गव्हर्नर जुआंव दे कास्त्रो त्याच वर्षी गोव्यात आजारी पडले. त्यांच्या शेवटच्या दिवसांत फ्रान्सिस उशाशी राहिले. ६ जून १५४८ रोजी गव्हर्नरांनी देह ठेवला. किल्ले जिंकणाऱ्या ह्या माणसाला अखेरीस सोबत हवी होती ती एका धर्मगुरूची.

१५४९ साली गास्पार बार्झे नावाचे सहकारी होर्मुझ बंदरात कामाला निघाले, तेव्हा फ्रान्सिस ह्यांनी त्यांना लेखी सूचना दिल्या. होर्मुझ व्यापाऱ्यांचे शहर. तिथल्या माणसाला नुसते पाप विचारू नका, त्याचा धंदा कसा चालतो, नफा कुठून येतो, हे विचारा, असे त्यांनी लिहिले. कारण अनेकांना आपल्या कमाईत पाप आहे हेच कळत नाही. ज्याचे लुबाडले असेल, त्याचे परत केल्यावरच पापमुक्ती द्यावी, कारण पुढचे वायदे पाळले जात नाहीत, हा त्यांचा अनुभव होता. आपल्याकडे मापात पाप करू नये असे म्हणतात, त्याचाच हा अर्थ.

त्याच सूचनांत दुसरी बाजूही आहे. लाजेमुळे किंवा भीतीमुळे ज्याच्या तोंडून पाप बाहेर पडत नाही, त्याच्याशी अत्यंत मायेने वागावे, देवाची दया किती मोठी आहे ते सांगावे आणि गरज पडली तर धर्मगुरूने आपल्याही गतायुष्यातील उणिवा मोघमपणे सांगून त्याला धीर द्यावा, असे ते लिहितात. फादर काय म्हणतील, ह्या विचाराने जे थांबून राहिले आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावे. फादरही पापी माणूस आहेत आणि तेही दुसऱ्या धर्मगुरूकडे पापनिवेदन करतात.

अंजिरोचे काय झाले?

ह्याच काळात फ्रान्सिस ह्यांच्या आयुष्यात एक जपानी माणूस आला. अंजिरो त्याचे नाव, गाव कागोशिमा. त्याच्याही हातून एक खून झाला होता. तो पोर्तुगीज जहाजावर पळून आला होता, पण मन त्याला स्वस्थ बसू देत नव्हते. ह्या पापाची क्षमा कुठे मिळेल, हे शोधत तो मलाक्काला आला. फ्रान्सिस तेव्हा तिथे नव्हते, म्हणून निराश होऊन परत फिरला. वादळाने त्याचा बेत मोडला आणि तो पुन्हा मलाक्काला आला. डिसेंबर १५४७ मध्ये दोघांची भेट झाली. १५४८ सालच्या पेंटेकॉस्टच्या सणाला गोव्याच्या कॅथेड्रलमध्ये बिशपांनी त्याचा स्नानसंस्कार केला. पवित्र श्रद्धेचा पॉल, असे त्याचे नाव ठेवले. पुढे १५ ऑगस्ट १५४९ रोजी फ्रान्सिस जपानला उतरले तेव्हा तोच त्यांचा दुभाषी आणि वाटाड्या होता. कागोशिमा येथे शंभरेक माणसे ख्रिस्ती झाली. फ्रान्सिस पुढच्या गावी निघाले तेव्हा त्या छोट्या मंडळीची जबाबदारी त्यांनी पॉलवर सोपवली.

त्यानंतर पॉलचे काय झाले? जुन्या लेखकांत ह्याविषयी एकमत नाही. एकजण लिहितो की तो पुढे चाच्यांच्या टोळीत गेला आणि चीनच्या किनाऱ्यावर मारला गेला. दुसरा लिहितो की तिथल्या भिक्षूंनी छळ केल्यामुळे त्याला गाव सोडावे लागले.

एवढ्या तळमळीने क्षमा शोधणारा, जपानमधल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांपैकी एक असलेला हा माणूस शेवटी पडला का? आणि पडला असेल, तर मरताना त्याने देवाला हाक मारली का? हे आपण ठरवू शकत नाही. ख्रिस्तसभेने आजवर कितीतरी जणांना संत म्हणून जाहीर केले. पण अमुक माणूस नाव घेऊन नरकात गेला, असे तिने कधीही जाहीर केलेले नाही. शेजाऱ्याचा निकाल लावणे हे आपले काम नव्हे. अंजिरोची गोष्ट ऐकून आपण स्वतःसाठी सावध व्हावे आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी.

शेवटचे बेट

फ्रान्सिस स्वतःला ह्या धोक्याबाहेर समजत नव्हते. आपल्या सहकाऱ्यांना त्यांनी लिहिले होते की आधी स्वतःच्या आत्म्याकडे पाहा, मग इतरांच्या. प्रवचनांनी दुसऱ्यांना देवाकडे नेणारे, पण देवाचे श्रेय स्वतःकडे घेतल्यामुळे स्वतः नाश पावलेले प्रवचनकारही आहेत, ह्याची आठवण ठेवून नम्र राहा, असा इशाराही त्यांनी दिला. प्रार्थनासभेत पुढे बसणारे, वाचन करणारे, हे पत्रक लिहिणारे आम्ही, सगळ्यांना हा इशारा लागू आहे.

जपानहून परतल्यावर १५५२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी गोवा सोडले. आता चीनला जायचे होते. मलाक्काचा अधिकारी आल्वारो दे आताइद हा वास्को द गामाचा मुलगा. त्याने स्वार्थापोटी त्यांच्या सोबतचे शिष्टमंडळ अडवले. समजावून पाहिले, तरी तो ऐकेना. तेव्हा त्याच्यावर बहिष्काराची शिक्षा जाहीर करण्यात आली. ख्रिस्तसभेची ही शिक्षा औषधासारखी असते. माणसाला आपली अवस्था कळावी आणि त्याने परत यावे, हाच तिचा हेतू.

फ्रान्सिस जवळजवळ एकटेच पुढे निघाले आणि चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर पोहोचले. चीनमध्ये परक्या माणसाला शिरू देत नव्हते. एक चिनी व्यापारी लपून न्यायला तयार झाला होता. त्या वेळी लिहिलेल्या पत्रात त्यांनी पुढचे धोके मोजले आहेत. तो व्यापारी पैसे घेऊन आपल्याला समुद्रात फेकून देईल. पलीकडे पोहोचलो तर अधिकारी छळ करून तुरुंगात टाकतील. पण ह्या सगळ्यांपेक्षा मोठा धोका त्यांच्या मते वेगळाच होता: देवाच्या दयेवरचा आपला भरवसा सुटणे.

इथे त्यांच्या आयुष्याचे सार आले आहे. ज्या माणसाने हजारोंचा स्नानसंस्कार केला, हजारोंचे पापनिवेदन ऐकले, त्याने आपल्या कामाचा हिशेब देवापुढे मांडला नाही. त्याला जपायचा होता फक्त भरवसा.

व्यापारी आलाच नाही. २१ नोव्हेंबरला त्यांना ताप भरला. गवताने शाकारलेल्या झोपडीत, आंतोनियो नावाचा एक चिनी ख्रिस्ती तरुण जवळ असताना, ३ डिसेंबर १५५२ च्या पहाटे त्यांनी प्राण सोडला. वय ४६. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या मृत्युशय्येपाशी बसून पापनिवेदन ऐकले, त्याच्या मृत्युशय्येपाशी धर्मगुरू नव्हता. पण येशूचे नाव ओठांवर होते. १५५४ साली त्यांचा देह गोव्यात आणला गेला. १२ मार्च १६२२ रोजी त्यांना संत म्हणून घोषित करण्यात आले. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकात त्यांचा देह आहे. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ ह्या काळात तो दर्शनासाठी खाली आणला होता.

आपल्यासाठी

तर मिळालेले तारण हरवते का? ख्रिस्तसभेचे उत्तर सरळ आहे. देव आपला हात कधी सोडत नाही, पण आपण त्याचा हात सोडू शकतो. जाणूनबुजून केलेल्या गंभीर पापाने आपण तो सोडतो आणि तसेच राहून मेलो तर सर्व काही गमावतो. म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. पण श्वास चालू आहे तोवर तो हात पुन्हा धरता येतो. म्हणून कुणी निराशही होऊ नये.

येत्या सणाआधी आपल्यापैकी प्रत्येकाने पापनिवेदन करावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. ज्यांनी वर्षभर केले नसेल त्यांनी करावे. ज्यांनी दहा-वीस वर्षे केले नसेल त्यांनी तर आवर्जून यावे. पाप कसे सांगायचे ते विसरला असाल, तर तेवढेच फादरांना सांगा, ते पुढचे शिकवतील. कुणाचे काही घेतले असेल, तर ते परत करायला सुरुवात करा. आणि आपल्या वाडीपाड्यावर कुणी लाजेने मागे राहिला असेल, तर त्याची निंदा करू नका. संत फ्रान्सिस झेवियर वसईच्या रस्त्यात सिकेराला भेटले तसे तुम्ही त्याला भेटा आणि बरोबर घेऊन या.

हे प्रभू येशू, स्नानसंस्कारात तू आम्हांला दिलेली कृपा सांभाळण्यास आम्हांला बळ दे. आम्ही पडलो तर उठव, दूर गेलो तर शोधून आण आणि अखेरच्या घडीला तुझ्या दयेवरचा आमचा भरवसा ढळू देऊ नकोस. संत फ्रान्सिस झेवियर, आम्हांसाठी विनंती करा. आमेन.